लॉकडाऊनमधला गुन्हा अजून नावावर असेल तर

कोकणातल्या एका तालुका कोर्टाबाहेर माझं टेबल आहे. मी वकील नाही. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकलेचे फॉर्म लिहून देतो. टाळेबंदी उठून इतका काळ गेला, तरी माझ्या टेबलावर अजून २०२०-२१ चे कागद येतात. कुणी गणपतीला मुंबईहून बाईकने निघालेला असतो आणि कशेडीला किंवा खारेपाटणला अडवलेला असतो. कुणी आजारी आईला बघायला पास न घेता जिल्हा ओलांडलेला असतो. त्या वेळी पोलिसांनी सही घेतली, गाडी ठेवून घेतली, चार दिवसांनी सोडली. मिटलं असं वाटलं. मग पासपोर्टची नाहीतर नोकरीची पडताळणी निघते आणि ठाण्यातून फोन येतो की तुमच्यावर गुन्हा आहे.

मग माणूस माझ्यासमोर बसून आधी अर्धा तास सरकारला शिव्या घालतो. घालू देतो मी, कारण त्यात खोटं काही नसतं. स्वतःच्या घरी जायला सरकारची परवानगी लागली, ती मोबाईलवर अर्ज करून मागावी लागली, आणि अर्ज का नाकारला हे विचारायला समोर माणूस नव्हता. बाप गेल्यावर पास मिळेपर्यंत बारावं उलटलेली माणसं मी बघितली आहेत. गावकऱ्यांनी रस्त्यावर दगड रचले, तेही भीतीपोटी, कारण आमच्याकडे एक ग्रामीण रुग्णालय आणि व्हेंटिलेटरसाठी थेट जिल्ह्याचं ठिकाण. रोग खरा होता. पण नाक्यावर जे घडलं ते सगळं रोगामुळे घडलं असं नाही. तर आता शिव्या बाजूला ठेवा आणि कागद काढा.

सगळ्यात आधी दंड आणि गुन्हा यांत फरक करा. मास्क नव्हता म्हणून नगरपरिषदेने किंवा ग्रामपंचायतीने पावती फाडली असेल तर पैसे भरले तिथे विषय संपला. पण कागदावर ‘गु.र.नं.’ असं लिहून आकडा, तिरकी रेघ आणि वर्ष असेल, तर तो गुन्हा रजिस्टर नंबर. गाडी बंधपत्रावर सोडून दिली असेल, ४१(अ) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस दिली असेल, तरी गुन्हा नोंदला गेल्याची शक्यता धरून चाला.

नंबर माहीत नसेल तर शोधायचा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर बघायची सोय आहे. जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा टाकायच्या. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलं आहे. ठाणं तुमच्या गावचं नव्हे, जिथे अडवलं त्या नाक्याचं. यात लोक हमखास चुकतात. मुंबईचा माणूस मुलुंडच्या यादीत नाव शोधत बसतो आणि गुन्हा असतो पोलादपूर नाहीतर खेडच्या दप्तरी.

त्यानंतर ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ. तिथे नावाने शोधण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नका. आपलं आडनाव इंग्रजीत कारकुनाने कसं लिहिलं असेल ते देवालाही सांगता येणार नाही. एफआयआर नंबरने शोधायची वेगळी खिडकी आहे, ती वापरा. प्रकरण सापडलं तर बहुधा ‘एससीसी’ असं दिसेल, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. सोबतचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा वेगळा क्रमांक, वहीत उतरवून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच लागतो. काहीच सापडलं नाही तर लगेच आनंद मानू नका. एफआयआर झाला पण दोषारोपपत्र कोर्टात गेलंच नाही, असंही खूप ठिकाणी आहे.

अशा वेळी माहिती अधिकार. अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. माझ्याकडे जो मसुदा तयार आहे तोच देतो:

‘आपल्या पोलीस ठाण्यातील गु.र.नं. अमुक, दिनांक तमुक या गुन्ह्याची सद्यस्थिती, त्यात दोषारोपपत्र अथवा समरी अहवाल न्यायालयात सादर केला असल्यास त्याचा दिनांक व न्यायालयाचा प्रकरण क्रमांक, आणि ज्या आदेशाचे उल्लंघन झाले असे फिर्यादीत नमूद आहे त्या आदेशाची साक्षांकित प्रत मिळावी.’

समरी अहवाल म्हणजे खटला न भरता तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल. मसुदा एवढाच, तिथे थांबा. आपली कहाणी लिहू नका, ‘का’ असा प्रश्न विचारू नका. ‘का’ विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

मसुद्यातली शेवटची ओळ मी मुद्दाम घालतो. लोकांना ती फालतू वाटते, पण सगळा जीव तिथेच आहे.

असे गुन्हे बहुधा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, नोंदलेले असतात. ते कलम नीट वाचा. नुसतं ‘आदेश मोडला’ एवढ्यावर ते लागत नाही. आदेश काढायचा अधिकार असलेल्या लोकसेवकाने तो रीतसर जारी केलेला हवा, तुम्हाला तो माहीत हवा, आणि तुमच्या वागण्याने अडथळा, त्रास किंवा धोका झालेला अगर होण्यासारखा हवा. म्हणजे पहिला प्रश्न हा की त्या दिवशी, त्या जिल्ह्यात, नेमका कुठला आदेश लागू होता? त्या दोन वर्षांत आदेश इतक्या वेळा बदलले, की नाक्यावरच्या पोलिसालाही कालचा की आजचा ते कळत नसे. बिचाऱ्याच्या हातात व्हॉट्सअपवर आलेला फोटो.

म्हणून तारखा जुळवायच्या. २३ मार्च २०२० ला राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चाकरमान्यांसाठी ऑगस्टच्या सुरुवातीला ठरलं की दहा दिवस विलगीकरण, १२ तारखेनंतर येणाऱ्याला कोरोना चाचणी, एसटीने येणाऱ्याला ई-पास नको, खाजगी गाडीने येणाऱ्याला हवा. त्याआधी चौदा दिवसांची भाषा चालू होती आणि गावोगावचे ठराव त्याहून वेगळे. मग २९ ऑगस्टला केंद्राने स्पष्ट लिहिलं की राज्यांतर्गत किंवा आंतरराज्य प्रवासाला वेगळी परवानगी लागणार नाही. राज्याने ३१ ऑगस्टला आदेश काढून २ सप्टेंबर २०२० पासून जिल्ह्याबाहेर जाण्यासाठीचा ई-पास बंद केला. तो पुन्हा आला एप्रिल २०२१ मध्ये. २२ तारखेच्या रात्री आठपासून जिल्ह्याबाहेरच्या प्रवासावर निर्बंध लागले आणि पाठोपाठ पास आला. ७ जून २०२१ पासून पाच स्तर झाले. त्यांत फक्त पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यासाठी पास उरला.

आता तुमच्या एफआयआरची तारीख या ओळीवर ठेवून बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ई-पास नाही’ म्हणून गुन्हा असेल तर मोडला कुठला आदेश? एसटीतून उतरलेल्या माणसावर पास नसल्याचा गुन्हा असेल तर? ग्राम कृती दलाने, म्हणजे कोविडसाठी गावात नेमलेल्या समितीने, ‘गावात यायचं नाही’ म्हणून ठराव केला असेल, तर तो कलम १८८ साठी पुरेल का, हेही विचारा. हाताने पाटी लिहून वेशीवर लावली म्हणजे शासनाचा आदेश होत नाही.

आदेशाची प्रत हाती आली की ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ची जंगी वाक्यं सोडून चार जागा बघायच्या. वरचा जावक क्रमांक आणि तारीख. कुठल्या कायद्याखाली काढला: १८९७ चा साथरोग कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा की फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४. किती तारखेपर्यंत लागू. खाली सही कुणाची, आणि त्या हुद्द्याला तो अधिकार आहे का. १४४ चा आदेश दोन महिन्यांच्या पुढे आपोआप चालत नाही. साथरोग कायदा तर मूळचा जेमतेम चार कलमांचा, मुंबई-पुण्याच्या प्लेगात इंग्रजांनी घाईने केलेला. त्यातलं चौथं कलम सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून वाचवतं. प्रवाशाला वाचवणारं कलम त्यात नाही, शोधू नका.

सहीचा मुद्दा किरकोळ वाटत असेल तर मुंबई लोकलचं प्रकरण आठवा. १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल सर्वसामान्यांना उघडली, पण दोन डोस घेतलेल्यांनाच; बाकीच्यांना ती बंदच राहिली. त्याविरुद्ध काही जण उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने बोट ठेवलं ते प्रक्रियेवर: हा निर्णय आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या राज्य कार्यकारी समितीने नियमाप्रमाणे घ्यायचा होता, तो मुख्य सचिवांनी एकट्याने घेतला होता. सरकारला जुने आदेश मागे घ्यावे लागले. अर्थात १ मार्चच्या नव्या आदेशात दोन डोसची अट पुन्हा आलीच, आणि महिनाभराने गुढीपाडव्याच्या तोंडावर सगळेच निर्बंध उठले. लसीला विरोध असलेल्यांचा तो विजय म्हणून मी सांगत नाही. मी स्वतः लस पहिल्या रांगेत घेतली. सांगायचं एवढंच की लोकल बंद असताना फलाटावरच्या आरडाओरड्याने जे झालं नाही ते ‘सही कुणाची?’ या प्रश्नाने झालं.

आता गुन्हा मागे घेण्याबद्दल. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने कोविड काळातले असे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. कलम १८८ आणि सोबतची रोग पसरवण्याबद्दलची २६९, २७० वगैरे. अट अशी की सरकारी नोकरावर किंवा कोविडच्या कामातल्या कर्मचाऱ्यावर हल्ला नसावा आणि मालमत्तेचं नुकसान पन्नास हजारांच्या वर नसावं. बातमी पेपरात आली, लोकांनी व्हॉट्सअपवर फिरवली आणि विसरून गेले. पण मंत्रालयात ठरलं म्हणजे आमच्या कोर्टाच्या बोर्डावरून नाव उतरलं असं होत नाही. खटला मागे घ्यायचा अर्ज सरकारी वकिलाने करायचा असतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली, आणि त्याला न्यायाधीशांची संमती लागते. तुमचं प्रकरण त्या यादीत गेलं नसेल तर ते तिथेच पडून आहे.

तेव्हा साध्या कागदावर दोन अर्ज करा. एक पोलीस निरीक्षकांना, एक त्या कोर्टाच्या सहायक सरकारी अभियोक्त्यांना. गु.र.नं., कलमं, कोर्टाचा क्रमांक, कोविड काळातले खटले मागे घेण्याच्या शासन निर्णयाचा उल्लेख, आणि ‘माझे प्रकरण वरील निकषांत बसत असल्याने ते मागे घेण्याबाबत कार्यवाही व्हावी’ एवढी विनंती. कलमं जुनीच लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात १८८ च्या जागी २२३ आहे. पण तुमचा गुन्हा जुन्या कायद्याच्या काळातला, त्याला जुनंच कलम.

दोषारोपपत्र गेलंच नसेल तर गोष्ट सोपी होते. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षापर्यंतची कैद आहे, त्याची दखल कोर्टाने सामान्यतः एका वर्षाच्या आत घ्यावी लागते. १८८ आणि २६९ त्यात बसतात. २७० ला दोन वर्षांची कैद आहे, म्हणून तिथे मुदत तीन वर्षं. पोलिसांना लेखी विचारा की समरी अहवाल कधी पाठवणार.

आणि दोषारोपपत्र गेलं असेल तर वकिलाला एक गोष्ट आवर्जून विचारा: फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ प्रमाणे लेखी तक्रार आहे का? १८८ ची दखल घ्यायला आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची, किंवा तो ज्याच्या हाताखाली आहे त्याची, कोर्टाकडे लेखी तक्रार लागते. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि तक्रार फक्त नाक्यावरच्या हवालदाराची, असं असेल तर तो हरकतीचा मुद्दा आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे; स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अटसुद्धा नाही.

एक काम मात्र करू नका. लोक अदालतीच्या दिवशी कुणीतरी कानात सांगतं, ‘कबूल कर, दोनशे रुपये भर, मोकळा हो.’ दोनशे रुपये भरून माणूस मोकळा होत नाही, दोषी ठरतो. साठीच्या पुढच्या माणसाला त्याने फरक पडत नसेल. पण ज्याला सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा आहे त्या पोराने वकिलाशी बोलल्याशिवाय ‘कबूल’ हा शब्द तोंडातून काढू नये.

फॉर्ममध्ये लपवूही नका. पासपोर्टच्या अर्जात कोर्टातल्या प्रलंबित फौजदारी खटल्याबद्दल विचारलेलं असतं. नुसता एफआयआर आणि कोर्टाने दखल घेतलेला खटला यांत तिथे फरक आहे, म्हणून आधी वरची शोधाशोध. खटला चालूच असेल तर त्याच कोर्टाकडून परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो. नोकरीच्या पडताळणीत तर किरकोळ गुन्ह्यापेक्षा तो दडवल्याचंच जास्त महाग पडतं.

खटला मागे घेतला गेला किंवा तुम्ही सुटलात, की त्याच आठवड्यात नक्कल विभागात अर्ज टाकून आदेशाच्या तीन प्रमाणित प्रती घ्या. एक स्वतःकडे. एक जिथे गुन्हा नोंदला त्या ठाण्यात, एक तुमच्या राहत्या पत्त्याच्या ठाण्यात, कारण पडताळणी तिथून होते आणि संगणकावरची नोंद कोर्टाच्या निकालाने आपसूक बदलेल याचा भरवसा नाही. देताना बारनिशीत, म्हणजे ठाण्याच्या आवक-जावक विभागात, शिक्का, तारीख आणि सहीसकट पोच घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाले तर वाद घालू नका. पोस्टात जा, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि पाकिटावर गु.र.नं. मोठ्या अक्षरात लिहा.