नवतप्यात जलरंग

यवतमाळकडं नवतपा (मेअखेरचे तापलेले नऊ दिवस) लागला की पारा ४५ च्या आसपास. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) निम्म्यावर येईस्तोवर वरची कड वाळून करकरीत रेघ उमटायची. कूलरसमोर तर आणखीच लवकर. आता ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कॉटन पेपर (कापूस आमचा, कागद मात्र मुंबईहून!) दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर पसरवतो. खालची ओल टिकते, रंग निवांत पसरतो.

कोलाजला वर्तमानपत्र नकोच, पिवळं पडतं. पतंगाचा कागद ओल्यावर ठेवला की त्याचा रंग सुटतो. अमूर्त चित्रात तो डाग मला हवाच असतो. चिकटवायला कणकेची खळ. कसर लागू नये म्हणून तिच्यात, जुने बुक-बाइंडर घालत तसं, चिमूटभर मोरचूद. विषारी आहे, ते भांडं स्वयंपाकघरात परत न्यायचं नाही.