आधी दार, मग स्पीकर

पहिली गाडी हातात आली की पोरं थेट डिकीत सबवूफर टाकायला धावतात. मी सांगतो, आधी पुढच्या दारावर बोटाच्या सांध्याने टकटक करून बघा. 'ठण्ण' असा रिकाम्या डब्याचा आवाज येईल. त्यात कितीही महागडा स्पीकर बसवा, पत्रा थरथरणारच.

माझ्या २०१४ च्या स्विफ्ट व्हीएक्सआयची सुरुवात मी दारांपासूनच केली. दाराचं पॅड काढलं, आतला पत्रा थिनरच्या फडक्याने पुसून कोरडा केला आणि २ मिमीची ब्युटिल डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी फॉइल लावलेली रबरी चादर, चिकटवली. ती छोट्या रोलरने दाबत न्यायची, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. खाली हवा राहिली तर उन्हाळ्यात शीट सुटते. दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका. आपल्या पावसाळ्यात दारात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद होता तसा परत लावा, आणि पॅड बसवण्याआधी काच दोनदा वर-खाली करून पाहा. आता टकटक केली की 'थप्प' आवाज येतो. कंपनीचे जुने स्पीकरसुद्धा त्या दिवशी भरदार वाजले!

स्पीकर घेताना खोक्यावरच्या मोठ्या वॅटच्या आकड्याकडे पाहू नका, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ते वॅट, विचारा. नवीन म्युझिक सेट बसवताना आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी न कापता जोडायचा तयार प्लग, मागा. माझ्या गाडीत एका दुकानदाराने मूळ वायरी कापून नुसत्या पिळून टेप गुंडाळली, तीही चुकीच्या जोडीने. गाडी बंद केली तरी सेट चालूच राहायचा आणि सकाळी बॅटरी डाऊन. अँप (अँप्लिफायर) टाकलात तर बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

सायलेन्सर बदलायला मात्र जाऊ नका. १.२ लिटरच्या इंजिनाला त्याने ताकद येत नाही. हायवेवर केबिनमध्ये नुसतं घुमत राहतं, आजूबाजूच्यांना त्रास होतो आणि दंड होतो तो वेगळाच.

दिसण्यात सगळ्यात जास्त फरक चाकांनी पडतो. माझे मूळ टायर १६५/८० आर१४ होते, म्हणजे रुंदी १६५ मिमी, उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १४ इंची. त्याच स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर१५ देत होती. दोन्हींच्या व्यासात जेमतेम २ मिमीचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि टायर कुठे घासत नाही. अलॉय चाकं घेताना ४ बाय १०० पीसीडी तपासा, म्हणजे चार नटांची भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर हवीत. मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) मोठं असेल तर फट भरणारी हब रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं.

रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. काचांना काळी फिल्म नकोच, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच ती बंद केली आहे.

आणि अलॉय बसवल्यावर शंभरएक किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्या, टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळता येणाऱ्या पान्याने.