नाडीवरून ओळखा : हृदयाचा वेग व्हेगस बदलतो आहे की सिंपथेटिक?

सिंपथेटिक मज्जातंतू हृदयाचा वेग वाढवतात आणि व्हेगस हा मेंदूतून हृदयाकडे येणारा मज्जातंतू तो कमी करतो, एवढे सर्वांनाच पाठ असते. मात्र नाडीत झालेला एखादा बदल नेमका कोणामुळे झाला हे ओळखायचे असेल, तर दोघांचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो याकडे आधी लक्ष द्यावे. व्हेगसच्या टोकांतून स्रवणारे ॲसिटिलकोलीन सायनस नोडमधील (हृदयाचा ठोका सुरू करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातील) पोटॅशियमच्या वाहिन्या उघडते, त्यामुळे पुढच्या एक-दोन ठोक्यांतच वेग मंदावतो, आणि तेथील विकर ते रसायन लगेच मोडून टाकत असल्याने परिणाम तितक्याच चटकन ओसरतो. सिंपथेटिक टोकांतून येणारे नॉरॲड्रेनॅलीन बीटा ग्राहींमार्फत (ते रसायन टिपणाऱ्या पेशीवरील प्रथिनांमार्फत) पेशीच्या आत रासायनिक साखळी सुरू करते. तिचा परिणाम दिसू लागायलाच सेकंद-दोन सेकंद जातात, तो भरात यायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो आणि उतरतोही सावकाश. म्हणून क्षणात झालेला बदल व्हेगसचा आणि हळूहळू चढलेला सिंपथेटिकचा, असा पहिला अंदाज बांधावा.

प्रथम पाच मिनिटे शांत बसावे आणि अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी. मानेवर दाब देऊ नये. तेथील कॅरोटिड सायनस (रक्तदाब टिपणारा धमनीचा भाग) दाबला गेल्यास व्हेगस उत्तेजित होतो आणि चक्करही येऊ शकते. दोन्ही मज्जातंतूंचा प्रभाव औषधांनी थांबवला, तर तरुण व्यक्तीचे हृदय मिनिटाला सुमारे 100 ठोके देते. तेव्हा विश्रांतीत नाडी 70 भरली, तर वरचष्मा व्हेगसचा आहे असे समजावे.

आता पाच सेकंद श्वास आत आणि पाच सेकंद बाहेर, अशा लयीत श्वसन करावे. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. इतक्या वेगाने होणारा हा चढउतार प्रामुख्याने व्हेगसचा असतो. वयानुसार तो कमी होत जातो. पडून राहिल्यावर एकदम उभे राहिले, तरीही नाडी लगेच वाढते, कारण व्हेगस मागे हटतो. साधारण पंधराव्या ठोक्याच्या आसपास वेग सर्वाधिक असतो आणि तिसाव्याच्या सुमारास तो पुन्हा थोडा उतरतो. हा बारकावा बोटांना सहसा सापडत नाही. त्यासाठी ईसीजी हवा.

सर्वाधिक चूक होते ती बेरीज-वजाबाकी करताना. समजा, सिंपथेटिकने एकट्याने वेग 40 ने वाढवला आणि व्हेगसने एकट्याने तो 30 ने घटवला, तर दोघे एकत्र काम करताना 10 ची वाढ होईल असे मानणे चुकीचे आहे. सिंपथेटिकचा जोर जितका अधिक, तितका व्हेगसचा तोच संदेश अधिक प्रभावी ठरतो. ॲसिटिलकोलीन एकीकडे शेजारच्या सिंपथेटिक टोकांतून होणारा नॉरॲड्रेनॅलीनचा स्राव रोखते, दुसरीकडे पेशीतील बीटा ग्राहींची साखळीही अडवते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा परिणाम ते मुळातच छाटते. उलट दिशेनेही अडथळा असतो : सिंपथेटिक टोके जोरात उत्तेजित झाली की त्यांतून स्रवणारे न्यूरोपेप्टाइड वाय हे रसायन व्हेगसच्या स्रावाला काही काळ आवर घालते.

व्यायामानंतर हे उत्तम दिसते. थांबल्यावर पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते ती मुख्यतः व्हेगस परतल्यामुळे, कारण नॉरॲड्रेनॅलीन तेव्हाही पूर्ण ओसरलेले नसते. ट्रेडमिल चाचणीत या मिनिटातील घट 12 किंवा त्याहून कमी असेल, तर डॉक्टर तिची सहसा दखल घेतात. मात्र घरी मोजलेल्या एका आकड्यावरून स्वतः निदान करू नये.

बीटा ब्लॉकर (बीटा ग्राही अडवणारी औषधे) घेणाऱ्यांना किंवा नाडी अनियमित असणाऱ्यांना हे निकष लावू नयेत. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असल्याने त्याची विश्रांतीतील नाडी बहुधा 90 ते 100 च्या घरात राहते, श्वासाबरोबर फारशी हलत नाही, आणि व्यायामात वेग वाढतो तो मुख्यतः रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनॅलीनच्या जोरावर, त्यामुळे सावकाश.