हॉल रिकामा का आहे, ते आधी विचारा

एका ख्रिस्ती विद्यापीठात मी दोन वर्षं आंतरसांस्कृतिक विद्यार्थी गटाची अध्यक्ष होते. पहिल्याच वर्षी आमची नाच-गाण्याची मोठी संध्याकाळ ठरवायची होती. बुकिंगच्या तक्त्यात एक शुक्रवार अख्खा मोकळा दिसला. एरवी तो हॉल मिळवायला महिनाभर हेलपाटे घालावे लागत, म्हणून मी लगेच गटाचं नाव टाकलं. ढोलवाले ठरले, दिवे ठरले, खुर्च्यांचा हिशेब झाला. मग चॅप्लेनचा, म्हणजे विद्यापीठाच्या धर्मगुरूंचा, फोन आला. आवाज अगदी शांत. ‘‘त्या दिवशी गुड फ्रायडे आहे. शेजारच्या चॅपलमध्ये दुपारपासून मौन असतं.’’ हॉल रिकामा का आहे, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

तेव्हा गट हाती घेतलात की पहिलं काम कॅलेंडरचं. आणि ते एकट्याने करू नका, चॅप्लेनला भेटून करा. कॅथलिक-प्रोटेस्टंटांचा ईस्टर दर वर्षी सरकतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो. त्यात ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती परंपरेतल्या, मंडळींचं गणित जुन्या ज्युलियन कॅलेंडरवर चालतं. २०२५ मध्ये दोघांचा ईस्टर एकाच दिवशी, २० एप्रिलला आला, पण आदल्या वर्षी कॅथलिक-प्रोटेस्टंटांचा ३१ मार्चला आणि ऑर्थोडॉक्सांचा ५ मेला होता. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. २०२६ चा फेब्रुवारी बघा: १७ तारखेला चिनी नववर्ष, १८ ला ॲश वेन्सडे म्हणजे लेंटची, ईस्टरआधीच्या उपवासकाळाची, सुरुवात, आणि चंद्रदर्शनाप्रमाणे १८ किंवा १९ ला रमजान सुरू. त्या आठवड्यात ‘सगळ्यांसाठी मेजवानी’ ठेवलीत तर एकाच टेबलावर एक जण सण साजरा करणार आणि दोघे उपाशी बसणार. विद्यापीठ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांचं असेल तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि उपासनेचा दिवस, असतो, तो वेळ आधीच वगळून टाका.

दुसरं, निवडणुकीला उभं राहण्याआधी कागद वाचा. काही ख्रिस्ती विद्यापीठांत विद्यार्थी नेत्यांकडून श्रद्धेच्या निवेदनावर (आपण काय मानतो, ते लिहिलेला कागद) किंवा आचारसंहितेवर सही घेतात, काही ठिकाणी फक्त अध्यक्षाकडून, काही ठिकाणी कोणाकडूनच नाही. हे निवडून आल्यावर कळलं की पंचाईत होते. तुमच्या कार्यकारिणीत दुसऱ्या धर्माचं किंवा कुठलाच धर्म न मानणारं कोणी असेल, तर तो कागद त्यांच्याबरोबर बसून आधी वाचा. सही करायची की नाही, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

आता प्रार्थना. अनेक ठिकाणी बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होते, आणि नव्या अध्यक्षाला वाटतं की सगळ्यांना चालेल अशी गोळाबेरीज प्रार्थना लिहावी. मीही लिहिली होती. ती कोणाचीच नव्हती. ऐकताना ख्रिस्ती मुलं अवघडली आणि बाकीचेही. त्यापेक्षा आदल्या दिवशी एकाला सांगावं, ‘उद्या तू म्हण, तुझ्या पद्धतीने, मिनिटभर’, आणि बाकीच्यांना आधीच कळवावं की गप्प बसलं तरी चालेल, दोन मिनिटं उशिरा आलं तरी चालेल. एक गंमत सांगते. फरक धर्माधर्मांतलाच असतो असं नाही. आमच्याकडे एक कॅथलिक मुलगा आणि एक ऑर्थोडॉक्स मुलगी शेजारी बसायची. क्रुसाची खूण करताना त्याचा हात डाव्या खांद्याकडून उजवीकडे जाई, तिचा उजवीकडून डावीकडे. पहिल्या बैठकीत दोघं थबकून एकमेकांकडे बघत राहिले. पेंटेकॉस्टल मुलं सगळी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, तर क्वेकर मुलगा नुसता शांत बसे. म्हणजे ‘ख्रिस्ती’ या एका शब्दातच आमचा निम्मा गट भरला होता.

बैठक चालवणं हे खरं कौशल्य. तुमच्या गटाच्या नियमावलीत कदाचित रॉबर्ट्स रूल्सचा, म्हणजे बैठक चालवण्याच्या नियमांचा, उल्लेख असेल: ठराव, अनुमोदन, चर्चा, मतदान. हे नियम लिहिणारे हेन्री रॉबर्ट अमेरिकी सैन्यात इंजिनिअर होते. १८६३ मध्ये न्यू बेडफर्डच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांना बैठकीचं अध्यक्षपद दिलं गेलं आणि सगळा गोंधळ झाला. त्यातून त्यांनी या विषयाचा नाद घेतला, आणि पुस्तक आलं १८७६ मध्ये. म्हणजे नियमांचा उगमच एका फसलेल्या चर्च-बैठकीत आहे. मतदानाला आणि पैशाच्या ठरावांना ते नियम उत्तम. पण ज्यांना हात वर करून, दुसऱ्याचं बोलणं तोडून बोलण्याची सवय आहे, त्यांनाच ते फळतात.

मी ‘कोणाला काही म्हणायचंय?’ असं विचारायची, तीन सेकंद थांबायची, आणि पुढचा विषय घ्यायची. एक मुलगी सहा महिने एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिला रस नाही. एकदा वीज गेली म्हणून बैठक थांबली, तर अंधारात ती शेजारणीला आमच्या अख्ख्या खर्चपत्रकातली चूक समजावून सांगत होती, आणि तिचं बरोबर होतं. तिच्या घरी मोठ्यांनी नाव घेऊन विचारल्याशिवाय बोलणं उद्धटपणाचं मानत. त्यानंतर मी पद्धत बदलली. विषय दोन दिवस आधी पाठवायचा. बैठकीत पाच मिनिटं सगळ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं. मग नाव घेऊन एकेकाला विचारायचं, सर्वांत नव्या सदस्यापासून सुरू करून, अध्यक्ष सगळ्यात शेवटी. ‘पुढे चला’ म्हणायची मुभा प्रत्येकाला. आणि नाव नीट घ्यायला शिका. ज्याचं नाव त्याच्याकडूनच ऐका, तुमच्या लिपीत लिहून ठेवा, चारदा म्हणून बघा. ‘तुला सोप्या नावाने हाक मारू का?’ हे विचारूच नका.

सांस्कृतिक रात्रीबद्दल फार लिहीत नाही, ती होतेच. फक्त वर्षभराची ताकद त्या एका रात्रीत जाऊ देऊ नका. वेशभूषा, पदार्थ, नाच, टाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा ज्याचे-त्याचे कोंडाळे. आम्ही नंतर महिन्यातून एकदा आठ-आठ जणांची टेबलं लावली, एक प्रश्न ठेवला (‘तुमच्या घरी माफी कशी मागतात?’), आणि भाषण कोणाचंच नाही. त्यातून जास्त मैत्र्या झाल्या.

तक्रार येईल. आली नाही तर जास्त काळजी करा, कारण मग लोक गप्प निघून जातायत. आमच्याकडे एका भाषेच्या मुलांनी म्हटलं की निधी नेहमी त्याच दोन गटांना मिळतो. माझा पहिला विचार समिती नेमण्याचा होता, माझ्याच मैत्रिणींची. चॅप्लेनने मला बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय वाचायला सांगितला. मी ख्रिस्ती नाही, पण तो अध्याय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक बोलणारे म्हणतात, रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं. प्रेषित, म्हणजे येशूचे मुख्य शिष्य, खुलासे देत बसत नाहीत. मंडळीकडूनच सात जण निवडून घेतात आणि वाटप त्यांच्या हाती देतात, आणि सातही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन… ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती भांडार. आम्ही तसंच केलं. तक्रार करणाऱ्या मुलांपैकी दोघांना निधीची जबाबदारी दिली, बँकेच्या कागदांवर सहीसकट. ते सगळ्यांवर, स्वतःच्या गटावरही, माझ्याहून कडक निघाले. पावती नाही तर पैसे नाहीत. मलाच एकदा रंगीत कागदांचे पैसे मिळाले नाहीत.

शेवटी हस्तांतर. विद्यार्थी गटाचं आयुष्य नेत्याच्या पदवीबरोबर संपतं, कारण सगळं एकाच्या फोनमध्ये असतं. वर्ष संपायच्या दोन महिने आधी पुढची मंडळी निवडा, त्यांना शेवटच्या दोन बैठका चालवू द्या, तुम्ही मागे बसा आणि तोंड बंद ठेवा (हे फार अवघड आहे). एक फाइल द्या: कोणत्या कामाला कोणाला भेटायचं, काय फसलं, कोणाशी अजून बोलणं बाकी आहे.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत हॉलबद्दल एक ओळ होती, आणि खाली पुढच्या गुड फ्रायडेच्या तारखा: ३ एप्रिल २०२६, २६ मार्च २०२७, १४ एप्रिल २०२८. परवा नव्या अध्यक्षाने त्या पानाचा फोटो पाठवला. त्याने खाली ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या तारखाही लिहिल्यात.