चिरा किती पाणी पितो? घरच्या काट्यावर मोजा

सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट माळावर, कोसळणारा पाऊस जातो कुठे? 'जमिनीत मुरतो' हे उत्तर वहीत चालतं, प्रकल्पात आकडा लागतो. 1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा त्याला पुरतो.

बांधकामावर चिरे (जांभ्याचे घडीव दगड) तासताना पडलेला मुठीएवढा तुकडा घ्या, साधारण 300 ते 500 ग्रॅमचा. ठिसूळ कडा आधीच तोडून टाका आणि सुटी माती ब्रशने झाडा. मग कडक उन्हात वाळवत रोज वजन करा. सलग दोन दिवस तेच वजन आलं की दगड कोरडा. हे एप्रिल-मेमध्येच उरका. जूनच्या दमट हवेत दगड नीट वाळत नाही, कोरडं वजन जास्त येतं आणि पुढचं गणित बिघडतं.

आता बादली. पहिले दोन तास दगड अर्धाच बुडेल एवढं पाणी ठेवा, मग पूर्ण बुडवा आणि 24 तास हात लावू नका. पाणी खालून चढलं की हवा वरून सुटते. एकदम बुडवला तर ती आतच कोंडते.

बाहेर काढल्यावर ओल्या, पिळलेल्या फडक्याने वरवर टिपून लगेच वजन करा. सुकं फडकं वापरलंत तर ते छिद्रांतलंही पाणी ओढून घेतं. बहुतेकांचा आकडा इथेच चुकतो.

वेड्यावाकड्या दगडाचं घनफळ पट्टीने निघत नाही. काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. भिजलेला दगड दोऱ्याने धरून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर दगडाचं घनफळ. टेकला तर दगडाचं वजनही त्यात मिसळतं.

समजा कोरडं वजन 420, भिजलेलं 474 आणि टांगल्यावर काटा 210 दाखवतो. आत शिरलेलं पाणी 54 ग्रॅम, म्हणजे 54 मिलिलिटर. 54 भागिले 210 गुणिले 100, सच्छिद्रता (दगडात पोकळ जागा किती) सुमारे 26 टक्के. मोठ्या भोकांतलं पाणी उचलतानाच गळतं, म्हणून खरी सच्छिद्रता याहून थोडी जास्तच धरा. बादलीच्या तळाशी लाल गाळ दिसला तर तो गाळून, वाळवून, वजन करून कोरड्या वजनातून वजा करा.

काळ्या दगडाच्या खडीवर हेच करून पाहा (खडे पाच-सहा एकत्र घ्या, एकट्याचा फरक काट्याला कळत नाही). वजन जेमतेम हलेल.

एवढा फरक का? जांभा बनताना उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, आणि गेलेल्या भागाच्या जागी पोकळ्या राहिल्या. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव फ्रान्सिस ब्युकॅनन यांनी 1807 मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमच्या दगडावरून दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. लोखंड आहे म्हणून चुंबक चिकटेल, असं मात्र गृहीत धरू नका. हे लोखंड बहुतांशी गंजाच्या जातीचं असतं, साधं चुंबक त्याला फारसं ओढत नाही.

एक प्रश्न परीक्षक हमखास विचारतात: पाणी धरतो तो खडक पाणी सोडतोही का? दरवेळी नाही. चिकणमाती भरपूर पाणी धरते, पण तिची छिद्रं इतकी बारीक की ते पुढे सरकतच नाही. जांभ्याखाली अशी चिकणमाती असली की सड्यावरून मुरलेलं पाणी तिच्यावर अडतं, आडवं सरकतं आणि उताराला झर होऊन फुटतं. जवळपास असा झर असेल तर पाऊस ओसरल्यावर दर आठवड्याला एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. सच्छिद्रतेच्या आकड्याशेजारी ही नोंद लावली की प्रकल्प पुरा.