बाळाचा विकास तपासताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे महिना धरून बसणं. बारावा लागला, अजून चालत नाही, की घरात धाकधूक सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका पसरलेला निघाला. शंभरातली चारेक बाळं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा एकच गोष्ट उशिरा होतेय म्हणून घाबरू नका. बाकीचं पुढे सरकतंय का, ते बघा.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर वय मोजण्यातच गफलत होते. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ पूर्ण दिवसांच्या, म्हणजे ४० आठवड्यांच्या हिशेबात ८ आठवडे मागे असतं. ते सहा महिन्यांचं झालं की तुलना साधारण चार महिन्यांच्या बाळाशी करायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात.

घरगुती परीक्षा हमखास फसतात त्या ऐकण्याच्या आणि समजण्याच्या. मागून जोरात टाळी वाजवली, बाळाने मान वळवली, झालं, कान शाबूत! पण कमी ऐकू येणाऱ्या बाळालाही मोठा आवाज कळू शकतो, किंवा नुसती सावली हललेली दिसते. दार आपटलं तर जमिनीचा हादरा जाणवतो. शंका असेल तर श्रवणतज्ज्ञाकडून यंत्रावर तपासणी करून घ्या, टाळ्या वाजवत बसू नका.

समजण्याचंही तसंच. 'बूट आण' म्हणताना आपण नकळत बुटांकडे बघतो, हातही तिकडेच जातो. मूल शब्द नव्हे, आपली नजर वाचतं. हात खाली, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवून तेच सांगून बघा. कधीकधी चित्र पार वेगळं दिसतं.

घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. मात्र 'दोन भाषांमुळे उशीर होतोय' ही सबब पुढे करून तपासणी लांबवू नका.

प्रश्नावली भरतानाही आईबाप थोडी उदारता दाखवतात, हे स्वाभाविक आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीच्या एम-चॅट-आर या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) चाळणीत, म्हणजे धोका आहे का हे बघणाऱ्या प्राथमिक प्रश्नावलीत, २० प्रश्न आहेत, आणि सूचना स्पष्ट आहे: मूल एखादी गोष्ट क्वचित करत असेल, एरवी करत नसेल, तर उत्तर 'नाही' लिहायचं. उलट बाजूने, चाळणीत अडकलं म्हणजे निदान झालं असंही नाही. पुढची तपासणी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले' हे वाक्य मला सगळ्यात महाग पडणारं वाटतं. थोडी वाट बघणं काही बाबतींत चालतं. पण येत असलेले शब्द गेले, नजर मिळवणं थांबलं, अंगात असलेलं कौशल्य हरवलं, तर एक दिवसही थांबू नका. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. त्याला डावखुरेपणा समजून सोडून देऊ नका. दुसऱ्या हातात अशक्तपणा असू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर घरच्या खेळण्याचे छोटे व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत झोपाळलेलं, भुकेलं मूल काहीच करून दाखवत नाही.