सेंद्रिय स्फटिकांचा ताठरपणा मोजताना या चुका टाळा

‘या स्फटिकाचा यंग गुणांक (म्हणजे ताठरपणाचं माप) 12 गिगापास्कल’ एवढंच लिहून मोकळं होणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. कोणत्या पैलूवर मोजला? सेंद्रिय स्फटिकात एका दिशेला हायड्रोजन बंध रेणूंना घट्ट धरून असतात, तर दुसऱ्या दिशेला थर नुसत्या व्हॅन डर वाल्स बलावर, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर, एकमेकांना टेकलेले असतात. दिशा बदलली की आकडा बदलतोच. मोनोक्लिनिक या कमी सममितीच्या स्फटिकाच्या ताठरपणाचं पूर्ण वर्णन करायला 13 स्थितिस्थापक स्थिरांक लागतात, त्याहूनही कमी सममितीच्या ट्रायक्लिनिकला 21. म्हणून आधी क्ष-किरणांनी पैलू ओळखा, मगच स्फटिक नॅनोइंडेंटरच्या (अतिसूक्ष्म टोक पृष्ठभागात दाबून ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राच्या) टोकाखाली ठेवा. त्यातही, टोकदार पिरॅमिड आत घुसताना बाजूलाही दाब देतो, त्यामुळे मिळणारा आकडा अनेक दिशांची सरमिसळ असतो.

स्फटिकरूपही, म्हणजे तेच रेणू कोणत्या रचनेत बसले आहेत तेही, नोंदवा. पॅरासिटामॉलच्या पहिल्या रूपात रेणूंचे थर नागमोडी, दुसऱ्यात सपाट आणि सहज घसरणारे. रेणू तोच, पण दुसऱ्या रूपाच्या गोळ्या जास्त चांगल्या दाबल्या जातात.

आकडा संशयास्पद कमी येतोय? खालचा गोंद तपासा. मऊ मेणावर किंवा जाड गोंदावर बसवलेला स्फटिक दाबताना खालचा थरही दबतो आणि ते दबणं स्फटिकाच्या नावावर जमा होतं. उलट, टोक दाबल्यावर उरलेल्या खळग्याच्या कडेला पदार्थ फुगून वर आला असेल तर खरं संपर्कक्षेत्र हिशेबापेक्षा मोठं असतं, आणि गुणांक फुगून येतो. खळग्याचं चित्र अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली (बारीक सुईने पृष्ठभागाचे उंचसखल भाग टिपणाऱ्या उपकरणाखाली) पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

भार चढवताना आलेखात अचानक पायरी दिसली, की यंत्राचा दोष समजून ते वाचन फेकून देऊ नका. बऱ्याचदा तिथे स्फटिकाचे थर घसरलेले असतात. ती माहिती मोलाची आहे. ताठरपणा तसाही भार उतरवतानाच्या सुरुवातीच्या उतारावरून काढतात.

स्फटिक वाकतो म्हणजे तो कमी ताठर, हेही खरं नाही. 10 मायक्रॉन जाडीची सुई 1 मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर बाहेरची कडा जेमतेम अर्धा टक्का ताणली जाते. वाकणं बरंचसं जाडीवर अवलंबून आहे.

आणि संगणकावर काढलेला गुणांक बहुधा शून्य केल्व्हिनचा असतो. तो खोलीच्या तापमानाच्या मोजमापाशी थेट ताडून पाहू नका. उष्णतेने जाळी प्रसरण पावते, सैलावते, त्यामुळे मोजलेला आकडा सहसा कमीच येणार.